ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क बदलली तरी काही महिन्यांनी पुन्हा तेच

माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) एकदा लेथवर घासून घेतल्या, एकदा नव्या बसवल्या, आणि दोन्ही वेळा ५-६ हजार किलोमीटरनंतर तोच हादरा परत आला. ८०च्या आसपास ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात डावीउजवीकडे थरथरायचं, वेग ४०च्या खाली आला की शांत. गॅरेजमध्ये दरवेळी एकच उत्तर मिळायचं, "डिस्क वाकलीय." तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि ती ज्याच्यावर बसते त्या हबच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाखाली गंजाची खपली लागली. "दुखणं इथं आहे," ते म्हणाले. आधीच्या दोन्ही वेळा ती खपली कुणी काढलीच नव्हती.

त्यानंतर मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या काही गाड्यांवर हेच काम करायला मिळालं. दरवेळी कारण वेगळं निघालं, पण शोधायची वाट तीच राहिली. ती इथे सविस्तर लिहितो, कारण मोजमाप न करता डिस्क, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे तुकडे), टायर असं एकेक बदलत गेल्यावर किती पैसे वाया जातात आणि तरी हादरा कसा तसाच राहतो, हे मी भोगलंय.

"कधी हलतं?" हा पहिला प्रश्न

"स्टिअरिंग हलतंय" एवढ्यावर कुठलाही मेकॅनिक अंदाजच बांधणार. त्याला खरी माहिती हवी असते ती ‘कधी’ची. सरळ, सपाट, मोकळा रस्ता निवडा. ब्रेकला पाय न लावता, वेगमर्यादा पाळून, ६० पासून हळूहळू वेग वाढवत न्या. एखाद्या वेगाला थरथर सुरू झाली तर तो आकडा लक्षात ठेवा. त्याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर ती चाकांकडून येतेय, इंजिनाचा त्यात हात नाही. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की येते आणि सोडला की जाते, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) गिअरबॉक्सकडचा जॉइंट झिजला असण्याची शक्यता मोठी.

मग त्याच रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, वेगवेगळ्या वेगांवरून ब्रेक लावून पाहा. आधी हलका, मग मध्यम. पुढच्या चाकांचा हादरा बहुतेक वेळा स्टिअरिंगमध्ये जाणवतो, मागच्यांचा सीटमध्ये आणि पायाखालच्या फ्लोअरवर. पेडल पायाला वरखाली ढकलत असेल तर दोष पुढे किंवा मागे, कुठेही असू शकतो.

मागच्या चाकांवर संशय असेल आणि गाडीला हाताने ओढायचा हँडब्रेक असेल, तर कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर ४०च्या आसपास बटण दाबून धरत लिव्हर अगदी हलका ओढून बघा. हादरा तेव्हाही आला तर मागचा ड्रम (डिस्कऐवजी असणारा ब्रेकचा गोल डबा) किंवा मागची डिस्क तपासायला घ्या. काही गाड्यांत मागे डिस्क असते, पण हँडब्रेकसाठी आत वेगळा छोटा ड्रम असतो, तिथे या चाचणीवरून डिस्कबद्दल काहीच कळत नाही. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत हा प्रयोग करू नका.

एबीएसचा गोंधळही इथेच मिटवून टाका. एबीएस काम करतं ते जोरात ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्यावर, चाक लॉक व्हायला लागलं की. तेव्हा पेडलखाली वेगाने खडखड होते आणि पॅनलवरचा दिवा लुकलुकू शकतो. हलक्या ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर, वेगाप्रमाणे कमीजास्त होणारा हादरा एबीएसचा नसतो. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी पेडल खडखडत असेल तर मात्र चाकाचा एबीएस सेन्सर आणि त्याची रिंग बघायला हवी. रिंग गंजली किंवा तडकली की यंत्रणेला चाक लॉक झाल्याचा भास होतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. थरथर अचानक, काल नव्हती आणि आज आहे अशी सुरू झाली असेल तर चाचणी घेत फिरू नका. गाडी बाजूला घ्या, चाकांचे नट बघा, टायरच्या कडेला फुगवटा आलाय का बघा. नुकतंच पंक्चर काढलं असेल किंवा चाक बदललं असेल तर नट सैल राहिलेला असू शकतो.

ब्रेक न मारताच हलतं तेव्हा

इथे आधी डिस्ककडे बघायचं नाही. वेगाच्या एका ठरावीक पट्ट्यात, साधारण ८० ते ११०च्या दरम्यान थरथर येते आणि त्याच्या पुढे कमी होते, हे व्हील बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) बिघडल्याचं नेहमीचं लक्षण. लहान गाडीच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर धरला तर १००च्या वेगाला चाक सेकंदाला १४-१५ वेळा फिरतं. चाक, हब आणि सस्पेन्शन मिळून स्वतःच जिथे सहज डोलतात ती गतीही याच्याच आसपास असते, म्हणून त्या पट्ट्यात थरथर मोठी होते. समतोलासाठी रिमवर चिकटवलेलं २० ग्रॅमचं वजन गळून पडलं तर १००च्या वेगाला चाकाला ३ किलोच्या आसपास ओढ बसते, आणि तीही दर फेरीत दिशा बदलत. ५०च्या वेगाला ती चौथाईवर येते, त्यामुळे गल्लीबोळात काहीच कळत नाही.

बॅलन्सिंगला जाण्याआधी रिमची आतली बाजू बघा. वाळलेल्या चिखलाचा एक ढेकूळही पुरतो. वजन पडलं असेल तर गोंदाचा चौकोनी डाग दिसतो.

२०-४०च्या वेगालाच स्टिअरिंग संथपणे डुगडुगत असेल तर बॅलन्सिंगने काही साधत नाही. तिथे टायरच्या आतले पट्टे सुटलेले असतात किंवा रिम वाकलेली असते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या तोंडाजवळ एक पेचकस स्थिर धरून अंतर बघत राहा. टायर एका जागी वर येतो किंवा बाजूला जातो हे डोळ्यांना दिसतं. पट्टे सुटलेला टायर दुरुस्त होत नाही, तो लगेच बदला. फुटला तर कुठल्या वेगाला फुटेल ते आपल्या हातात नसतं.

माझी सगळ्यात आवडती चाचणी बिनखर्चाची आहे. पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे घ्या, डावं डावीकडेच आणि उजवं उजवीकडेच ठेवा. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटमध्ये गेली, तर दोष टायर-रिमचा. तशीच राहिली तर हब, बेअरिंग, डिस्क, सस्पेन्शन यांच्याकडे वळा. पुढची आणि मागची चाकं वेगळ्या मापाची असलेल्या गाड्यांत हे जमत नाही, बाकी सगळीकडे जमतं. एका तासाच्या या कामाने निम्मे संशयित बाद होतात.

बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हील असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे का ते तपासा. असेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि जरासं सरकून बसलं तर बॅलन्सिंग मशीनवर ‘शून्य’ दाखवणारं चाकही गाडीवर थरथरतं. त्या फटीसाठी योग्य मापाची सेंटर रिंग मिळते.

अलाइनमेंटबद्दल, म्हणजे चाकांच्या कोनांबद्दल, मात्र खूप गैरसमज आहे. अलाइनमेंट चुकली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. थरथर तिच्यामुळे सहसा येत नाही. चुकीच्या अलाइनमेंटमुळे टायर ओबडधोबड झिजला आणि त्या झिजेमुळे पुढे थरथर आली, एवढाच काय तो संबंध.

ब्रेक मारल्यावरच हलतं तेव्हा

आता मूळ दुखणं. "डिस्क वाकलीय" हे वाक्य इतकं रुळलंय की कुणी त्याच्या पुढे विचारच करत नाही. डिस्क ओतीव लोखंडाची असते. रोजच्या वापरात ती पापडासारखी वाकडी होत नाही. होतं ते असं, की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एखादा भाग ०.०२ मिमीने जाड किंवा पातळ झाला तरी हातापायाला कळतं. माणसाच्या केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिमी असते, यावरून हा फरक किती बारीक आहे ते लक्षात येईल.

जाड भाग पॅडमधून जाताना पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. त्यामुळे ब्रेक ऑइलचा दाब वरखाली होतो आणि पेडल पायाला ढकलतं. ब्रेकची पकडही दर फेरीत घट्ट-सैल होते. डावीकडे आणि उजवीकडे ती एकाच वेळी तशी होत नाही, म्हणून स्टिअरिंग कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला खेचलं जातं. हाताला जाणवते ती थरथर हीच.

मग जाडी असमान होते कशी? सगळ्यात जास्त वेळा हबमुळे. हबचं तोंड आणि डिस्कची आतली बाजू यांच्यामध्ये गंजाचा किंवा मातीचा ०.०५ मिमीचा कण अडकला, तर डिस्क किंचित तिरकी बसते. हबच्या तोंडाचा व्यास १३ सेंमी आणि डिस्कचा २६ असेल तर तोच तिरकेपणा बाहेरच्या कडेला दुप्पट, ०.१ मिमी होतो. याला रनआउट म्हणतात. नवी डिस्क अशी तिरकी बसवली तरी पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण सरकता कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा भाग) डिस्कच्या डोलण्याबरोबर स्वतःही थोडा हलतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, मेकॅनिकलाही काम चोख झालं असंच वाटतं.

खरी झीज त्यानंतर, ब्रेक न मारता गाडी चालत असताना होते. डिस्कचा पुढे आलेला भाग दर फेरीत एकदा पॅडला घासून जातो. चाक एका किलोमीटरमध्ये सव्वापाचशे फेऱ्यांच्या आसपास मारतं. ५ हजार किलोमीटरमध्ये तीच जागा २६ लाख वेळा पॅडला चाटून जाते आणि हळूहळू पातळ होते. आतल्या बाजूला एक जागा झिजते आणि बाहेरच्या बाजूला तिच्यापासून अर्ध्या फेरीवरची. काही महिन्यांनी जाडीतला फरक पुरेसा वाढतो आणि हादरा सुरू होतो. "नवी डिस्क टाकून सहा महिने पण झाले नाहीत" ही तक्रार इथून येते. डिस्कचा दर्जा वाईट होता असं मानून अजून महागडी डिस्क घेतली, तरी हब तोच असेल तर तीही त्याच वाटेने जाते.

दुसरं कारण पॅडचा थर. लांब उतारावर ब्रेक खूप तापले आणि मग खाली येऊन तुम्ही पेडल दाबून गाडी उभी केली, की पॅडचं साहित्य त्या जागी डिस्कला चिकटतं. तिथे वेगळ्या रंगाचा, पॅडच्या आकाराचा ठसा दिसतो. पुष्कळ दिवस ओल्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीवरही पॅडखालच्या जागी गंजाचा असाच ठसा उमटतो. ताजा असेल तर थोडं नीट ब्रेक मारत चालवल्यावर निघून जातो. डिस्कवर निळे-काळे ठिपके असतील तर मात्र तिथे लोखंड अति तापून कडक झालेलं असतं. ते ठिपके घासून काढले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा उंच होतात, कारण कडक झालेला भाग आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कमी झिजतो. अशी डिस्क बदललेलीच बरी.

सकाळी पहिल्याच ब्रेकला हादरा येतो की ब्रेक तापल्यावरच, हेही बघा. गार असतानाही येतो तेव्हा जाडीतला फरक कायमचा झालेला असतो. तापल्यावर येतो आणि गार झाल्यावर जातो, तेव्हा असे ठिपके किंवा चिकटलेला कॅलिपर आधी शोधा.

मोजायचं कसं

गाडी पक्क्या, सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना उटी लावा आणि जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. चाक काढल्यावर डिस्क सैल होते, म्हणून नट वॉशर घालून पुन्हा कसा, नाहीतर मोजमाप खोटं येईल. चुंबकी पायाचा डायल गेज (काट्यावर बारीक हालचाल दाखवणारं उपकरण) सस्पेन्शनच्या स्थिर भागाला लावा, त्याचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या आत फिरला तर छान. ०.१च्या पुढे गेला तर तिथेच थांबा. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, तीच शेवटची मानावी.

जाडी मोजायला मायक्रोमीटर हवा. व्हर्निअर इथे उपयोगाचा नाही, कारण घासलेल्या पट्ट्याच्या बाहेर उरलेल्या काठावर तो अडतो आणि इतका बारीक फरक त्यावर भरवशाने वाचताही येत नाही. डिस्कवर खडूने ८ खुणा करा, प्रत्येक ठिकाणी कडेपासून तेवढ्याच अंतरावर मोजा आणि आकडे लिहून ठेवा. सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यात ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हादऱ्याचं कारण सापडलं. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. घासून घेतल्यावर ती त्याखाली जाणार असेल तर घासू नका.

रनआउट जास्त निघाला तर डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशने आणि बारीक एमरी पेपरने साफ करा. नटांच्या बोल्टांभोवतीची जागा अवघड असते आणि खपली नेमकी तिथेच लपते. डिस्कच्या आतल्या बाजूलाही हेच करा. कापडाने पुसून, डिस्क परत लावून पुन्हा मोजा. तरी जास्त असेल तर डिस्क एका बोल्टाने फिरवून बसवा आणि परत मोजा. हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना भरून काढेल अशी एखादी जागा बहुधा सापडते. सगळीकडे फिरवूनही फरक पडत नसेल तर डिस्क काढून गेज थेट हबच्या तोंडावर लावा. हबच डोलत असेल तर हब किंवा बेअरिंग बदलावं लागतं, डिस्कवर केलेला खर्च फुकट जातो. डिस्क गाडीवर असतानाच घासणारी मशीनही असतात. लेथवरच्या कामापेक्षा मला ती पद्धत जास्त पटते, कारण तिथे डिस्क तिच्या स्वतःच्या हबच्या हिशेबाने सरळ होते.

कॅलिपर आणि सैल सांधे

हबनंतर कॅलिपर. तो सरकतो त्या दोन पिना हाताने आतबाहेर झाल्या पाहिजेत. एक जरी चिकटली तर पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते आणि वरची सगळी कहाणी पुन्हा सुरू होते. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी बघा. एक बराच पातळ असेल तर पिना किंवा पिस्टन अडकतोय. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते. ब्रेक फारसे न वापरता १०-१५ किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंच्या डिस्कचं तापमान पाहिलं तरी चिकटलेली बाजू लगेच उघडी पडते. हात लावून बघू नका, डिस्क भाजून काढते.

लोअर आर्मची बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यातलं रबर), बॉल जॉइंट (त्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) हे हादरा निर्माण करत नाहीत, पण छोटा हादरा मोठा करून हातात देतात. ब्रेक मारल्यावर चाक मागे ढकललं जातं. लोअर आर्मची मागची बुश फाटली असेल तर चाकाला तिथे हलायला मोकळीक मिळते, आणि निरोगी गाडीत कळलाही नसता असा ०.०१ मिमीचा फरकही स्टिअरिंग हलवतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, प्ले (सैलपणा) आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवी धरून हलवा, प्ले आला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. बेअरिंग गेलं असेल तर चालताना घरघर येते आणि वळणावर ती बदलते. बुश मात्र हाताने कळत नाही, टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलवून रबराच्या चिरा बघाव्या लागतात. बॉल जॉइंटमध्ये प्ले असेल तर ते काम पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका.

परत बसवताना

चाकाचे नट इम्पॅक्ट गनने एकामागून एक आवळले की डिस्क हबवर असमान दाबली जाते, आणि साफ केलेल्या हबवरही रनआउट येतो. नट हाताने लावा, मग समोरासमोरचे असे ताऱ्याच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) कसा. बऱ्याच कारना ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टायरच्या दुकानातही हे सांगायला संकोच करू नका. मी उभा राहून सांगतो.

डिस्क बदलली तर पॅडही नवे घाला, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात. नव्या जोडीला बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर ६०वरून १५-२०पर्यंत मध्यम ब्रेक लावत वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं ८-१० वेळा केल्यावर ब्रेक न वापरता थोडं अंतर चालवून गार होऊ द्या. या वेळात पेडल दाबून उभं राहायचं नाही. ५० ते १०० किलोमीटर झाले की नटांचा टॉर्क पुन्हा तपासा, आणि ५ हजार किलोमीटरनंतर एकदा चाक काढून डायल गेज परत लावा. आधीचे आकडे लिहून ठेवलेत तर तेव्हा ते शेजारी धरून बघता येतील.